डॉक्टरांच्या सल्ल्यानं कुस्ती

मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो, आणि तीही रक्तदाब कमी करण्यासाठी.

हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग चष्म्याकडे, आणि मग पावसापाण्याचा विषय काढतो. म्हणून आता सगळं पहिल्यापासूनच सांगतो.

मी साताऱ्यात एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. पूर्वी मुख्याध्यापकाला बघून पोरं घाबरायची. हल्ली मोबाईल वाजला की मुख्याध्यापक घाबरतो! ‘माहिती आजच्या आज पाठवा’, ‘तात्काळ’, ‘अति तात्काळ’. शाळेला खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, न उघडणाऱ्या का उघडत नाहीत, फोटोसह कळवा. एकदा मी जेवताना घास हातात धरून खिडक्या मोजत होतो. (घरातल्या. शाळेतल्या पाठ होत्या.) त्यानंतर आठवड्याभरात प्रार्थनेच्या वेळी मला गरगरलं, आणि आमची सौभाग्यवती सुमन मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं, आणि भुवया वर नेल्या.

“सर, वाढलंय की!”

“किती?” सुमननं विचारलं. बीपी माझं, पण प्रश्न तिचा.

“फार नाही, पण वाढलंय. एक महिना बघू. गोळ्या लगेच नको. साधे नैसर्गिक उपाय करा. सकाळी फिरा, खोल श्वास घ्या, जरा ऊन अंगावर घ्या, अनवाणी मातीत चाला, मोबाईल लांब ठेवा, गोंगाट टाळा. डोक्यातला ताण गेला की बीपी आपोआप खाली येईल. महिन्यानं नाही आलं, तर मात्र गोळ्या.”

मला वाटलं, चला, स्वस्तात सुटलो. बाहेर येऊन बघतो तर सुमनच्या डोळ्यांत पाणी.

“अगं, रडतेस काय? गोळ्या पण नाही दिल्या त्यांनी.”

“आमच्या दादांना पण असंच गरगरलं होतं,” ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे सासरे. आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावात, उसाला पाणी पाजता पाजता ‘जरा बसतो’ म्हणाले, बांधावर बसले, आणि उठलेच नाहीत. कुणी कधी त्यांचं बीपी मोजलं नव्हतं. सुमन तेव्हा लग्न होऊन साताऱ्याला आलेली होती. तिला शेवटचं बोलायलाही मिळालं नाही. मग मी काही चेष्टा केली नाही. मुकाट्यानं तिच्याबरोबर दुकानात गेलो आणि बीपी मोजायचं एक मशीन घेऊन आलो.

ते मशीन घरात आलं आणि माझ्या ताणाला हक्काचं ठिकाण मिळालं!

सुमननं डॉक्टरांचा शब्द न् शब्द लक्षात ठेवला होता. पहाटे मला हलवून उठवायची. ती स्वतः त्याआधीच उठून काढा उकळून ठेवायची. (कशाचा, ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही.) मग मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला, आणि ती माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन. घरी आलो की खोल श्वास. “एक हात वर करत श्वास घ्या... घ्या... अजून घ्या... आता खाली आणत सोडा... अहो, सोडा की!” मोबाईल तिच्या पदराला. रात्री झोपताना काशाची वाटी तूप लावून माझ्या तळपायांवर फिरवायची. मला तळपायाला गुदगुल्या होतात. मी इतका खिदळायचो की शेजारच्या काकूंनी सुमनला बाजूला घेऊन, “सरांना काय त्रास आहे गं नेमका?” असं विचारलं.

आणि या सगळ्यानंतर मशीन. मी खुर्चीत, हात टेबलावर. सुमन समोर बसून माझ्याकडे रोखून बघतेय.

“शांत बसा. अजिबात ताण घेऊ नका. वाढलं तर बघा हं!”

आता तुम्हीच सांगा, वाढणार नाही तर काय होणार? मशीन घुर्र करायचं, पट्टा आवळायचा, आणि मला जुन्या इन्स्पेक्शनची आठवण यायची. आकडा बघून सुमन पट्टा गुंडाळायची आणि दुसऱ्या दिवसापासून काढा थोडा दाट व्हायचा.

महिना संपत आला, बीपी काही हलेना. तेवढ्यात तिच्या माहेरच्या गावाची जत्रा आली. सुमन म्हणाली, “चला. मोकळी हवा आहे, माती आहे, चार दिवस शांतता मिळेल.”

जत्रेला शांतता! पण मी त्या दिवसांत प्रश्न विचारणं सोडलं होतं.

गावात माझा मेहुणा दत्ता असतो. सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलाय. मिशा अजून ड्युटीवर. देवाशप्पथ सांगतो, माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं, जवान आणि मास्तर. गेली पंचवीस वर्षं तो मला प्रेमानं, आदरानं आणि थोड्या काळजीनं वागवत आला आहे. आम्ही पोचलो तेव्हा तो जत्रेच्या कुस्ती मैदानाच्या तयारीत होता. मैदानाचा माईक दरवर्षी त्याच्याच हातात असतो.

“या दाजी! लय बारीक झालायसा!” (नव्हतो झालो.) “अक्का, दाजींस्नी खायाला घालतीस का न्हाई?”

“त्यांचं बीपी वाढलंय दत्ता. त्यांना ताण द्यायचा नाही.”

“छ्या! हितं कसला ताण? हितं आमी हाय की!” दत्ता म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागं कर्ण्यावर ‘हॅलो चेक, हॅलो चेक’ सुरू झालं.

सुमननं लगेच पर्समधून कापूस काढला, त्याचे दोन गोळे केले आणि माझ्या कानांत कोंबले. गोंगाट टाळायचा म्हणजे टाळायचा! ते बोळे तिनं असे घट्ट बसवले होते की समोर कर्णा हलताना दिसायचा, ऐकू काही यायचं नाही. मग मला मैदानाच्या कडेला नेऊन हातवारे करत तिनं पुढचं समजावलं. चपला काढा. सदरा काढा, तिरपं ऊन आहे, अंगावर घ्या. या मऊ मातीत चाला. श्वास घ्या. मी देवळात ओटी भरून येते.

कुस्त्या सुरू व्हायला अवकाश होता. मैदान मोकळं होतं. लाल माती दोनदा चाळलेली, वर पाणी मारलेलं, तीत ताक न् हळद घातलेली. खरं सांगू? पाय ठेवला आणि बरं वाटलं. घोट्यापर्यंत पाय गार मातीत. मी बनियन आणि पायजम्यावर, चष्मा खिशात, डोळे मिटून चालायला लागलो. कानावर आवाज नाही, हातात मोबाईल नाही. मग वाटलं, या मातीचा वासच घ्यावा खोल. वाकून मूठभर उचलली, नाकाशी नेली, तळहातावर चोळली. वास इतका छान होता की थोडी दंडालाही चोळली! आणि मग सुमननं शिकवल्याप्रमाणं एक हात वर करत श्वास घेतला, आणि हात तसाच वर ठेवून सावकाश मैदानाला फेरी मारायला लागलो.

ज्यांनी जत्रेतली कुस्ती पाहिली आहे त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या पैलवानाची जोड ठरलेली नसते, तो आखाड्यात उतरतो, माती अंगाला लावतो, आणि एक हात वर करून मैदानाला फेरी मारतो. त्याचा अर्थ, ‘आहे का कुणी? या!’

मी तर दोन फेऱ्या मारल्या.

डोळे उघडले तेव्हा मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं बसली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. हलगीवाला जोरजोरात हलगी वाजवत होता. (म्हणजे त्याचे हात तसे हलत होते.) आणि दत्ता! दत्ता माईक हातात घेऊन माझ्याकडे धावत येत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं मला कडकडून मिठी मारली. मग माझ्या डोक्याला भगवा फेटा बांधला आणि माईकवर काहीतरी बराच वेळ बोलत राहिला. मध्येच माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

मला वाटलं, जावयाचा सत्कार चाललाय. जत्रेत करतातच. आता नारळ देतील. मी हसून मान डोलावली.

त्यानं पुन्हा विचारलं. मी दोन्ही हात जोडून चहूकडे वळून नमस्कार केला. लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या! मला आपलं बरं वाटलं. साताऱ्यात कुणी टोपी उडवत नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक वयस्कर गृहस्थ उठले. सत्तरीच्या आसपासचे, कान मोडलेले, मान खांद्यातच सुरू झालेली. त्यांनी धोतर सोडलं. आत लंगोट होता. मला वाटलं, बाप रे, आता यांचाही सत्कार! ते माझ्यासमोर आले आणि चिमूटभर माती माझ्या हातावर ठेवली. मी ती अंगारा समजून कपाळाला लावली आणि थोडी जिभेवर ठेवली.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. मग हात पुढे करून माझ्या एका कानातला कापूस ओढून काढला.

“ह्यो कापूस कशापायी वं, पाव्हणं?”

आणि धरण फुटावं तसा आवाज कानात शिरला. हलगी, शिट्ट्या, आणि त्या सगळ्यावर दत्ताचा कर्ण्यातला गहिवर: “...साताऱ्याचं आमचं दाजी! मास्तर म्हणून आमी आजवर त्यांस्नी हसलो, पर गड्यांनो, वाघ निघाला वाघ! सोताहून आखाड्यात उतरलं! आन् जोडीला कोण म्हणशीला, तर आपलं हिंदुराव आबा! ऐंशी साली भल्याभल्या वस्तादास्नी चितपट करणारं आबा! होऊन जाऊ द्या!”

माझ्या पायाखालची मातीच सरकली.

“दत्ता!” मी ओरडलो. “अरे, मी श्वास घेत होतो!”

दत्तानं माईक बाजूला केला. “आता काय म्हणालासा?”

“श्वास! बीपीसाठी! मी नाही लढत.”

त्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे मेहुण्यानं जावयाकडे नव्हे, तर जवानानं जवानाकडे बघावं तसं बघितलं होतं. ते आता जाणार होतं. आणि भोवती सगळं गाव.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “आता माघारी फिरलासा तर अक्काला ह्या गावात तोंड दावता यायचं न्हाई बघा.”

मी हिंदुराव आबांकडे वळलो. “आबा, मला काही येत नाही हो.”

“ते दिसतंयच की,” आबा म्हणाले. “मलाबी आता कुठं काय हुतंय? गुडघं गेल्यात माजं. पर हात वर केल्याला माणूस जोडीबिगर परत गेला तर गावाला कमीपणा. म्हणून उठलो मी. तुमी असं करा, माज्या गळ्यात हात टाका आन् गप खाली पडा. बाकीचं मी बघतो.”

“लागणार नाही ना?”

“लागलं तर मला लागंल. पोट केवडं हाय तुमचं!”

झाली सुरू कुस्ती. आम्ही एकमेकांच्या मानेत हात घातले आणि कपाळाला कपाळ लावलं. आबांच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. लोकांना वाटलं आम्ही अंदाज घेतोय. खरं तर आबा मला विचारत होते, “साताऱ्यात कुठं राहतासा?” मी पत्ता सांगत होतो. मग आबांनी पाय असा काही अडकवला की मी अलगद, खरंच अलगद, मातीत पाठीवर टेकलो. आणि आबा माझ्या अंगावर.

नियमानं तिथं कुस्ती संपायला हवी होती. पण आबांना उठता येईना! गुडघा अडकला होता.

“जरा दम धरा, पाव्हणं,” ते माझ्या कानात धापा टाकत म्हणाले. “घटकाभर पडू दे मला.”

मग आम्ही तसेच पडून राहिलो. आणि मी तुम्हाला सांगतो, इतकं निवांत मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं! वर मोकळं आभाळ. पाठीखाली गार माती. छातीवर शंभर किलोचं एक उबदार माणूस. आता कुणी मला काही मागू शकत नव्हतं. माहिती नाही, फोटो नाही, खिडक्या नाहीत. हरायचं होतं ते हरून झालं होतं. मी डोळे मिटले. मला वाटतं आम्हा दोघांनाही जरा डुलकी लागली.

“अहो!”

ती किंकाळी कर्ण्यापेक्षा मोठी होती. देवळात ओटी भरताना सुमनच्या कानावर कर्ण्यातला दत्ता पडला होता. ती ओटीचं ताट तिथंच टाकून धावत सुटली होती. मैदानात बघते तर नवरा मातीत उताणा, डोळे मिटलेले, हलत नाही, आणि वर एक पैलवान!

ती गर्दी फोडून आत घुसली. आबांना दंडाला धरून बाजूला लोटलं. (त्यांचा गुडघा त्या हिसक्यानं जागेवर आला. ते आजही तिला दुवा देतात.)

“दत्त्या! मेल्या! ताण द्यायचा नाही म्हणाले होते ना मी? माझ्या माणसाला मारायला निघालास व्हय रं!”

“अक्का, अगं...”

“गप बस! एक शब्द बोलू नगंस!”

पर्समधून मशीन निघालं. तिथंच मातीत गुडघ्यावर बसून तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. हलगीसुद्धा थांबली. मशीन घुर्र करायला लागलं आणि दत्ता, सवय कुठे जाते, माईक तोंडाशी धरून वाकून आकडा बघायला लागला.

“मंडळी... दाजींचं बीपी... वरचं एकशे चोवीस! खालचं ऐंशी!”

“म्हंजी काय रं?” कुणीतरी ओरडलं.

“म्हंजी नॉर्मल!” दत्ता गरजला. “एकदम नॉर्मल! फौजेत भरती हुतील दाजी!”

काय तो जल्लोष! हरलेल्या पैलवानाच्या नावानं एवढ्या शिट्ट्या त्या गावात कधी वाजल्या नसतील. हलगी कडाडली. आबांनी मला उभं करून माझाच हात वर केला. मी तर फुशारून गेलो. म्हटलं, सुमे, बघ!

पण सुमन उठली नव्हती. तशीच मातीत बसून होती, हातात पट्टा धरून.

“माजंबी बगा की, ताई,” म्हणून आबांनी आपला दंड पुढे केला. कोणी म्हणालं माझं, कोणी म्हणालं माझं. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी पुढे आली, “आगं बया, तुजा चेहरा बग की कसा झालाय. आदी तुजं बग,” म्हणाली आणि तो पट्टा तिनं सुमनच्याच हाताला गुंडाळायला लावला.

मशीन थांबलं. दत्तानं सवयीनं माईक तोंडाशी नेला, आकडा बघितला, आणि माईक खाली केला.

मी वाकून बघितलं. माझं कधीच एवढं गेलं नव्हतं.

“पळत आले ना, म्हणून असेल,” सुमन म्हणाली.

“सुमन.”

“काही नाही हो. झोप नाही ना नीट.”

“का? तू तर माझ्याआधी निजतेस.”

“निजत नाही. पडून असते.” ती हातातल्या मातीकडे बघत बोलत होती. “तुमचा श्वास चालू आहे का, ते ऐकत. थोडा वेळ आवाज नाही आला की हात लावून बघते. दादांचं तसं झालं ना.”

कसं सांगू तुम्हाला मला काय वाटलं. महिनाभर मी काढा पीत होतो, पाय घासून घेत होतो, गुदगुल्या झाल्या म्हणून हसत होतो, आणि ही बाई माझा एकेक श्वास मोजत जागी होती. सगळ्या गावादेखत मी तिच्याशेजारी मातीत बसलो आणि तिचा हात धरला. डोक्यावरचा फेटा डोळ्यांवर आला तो मी मुद्दामच वर केला नाही.

परत आल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. माझं बीपी ठीक. मग मीच म्हटलं, “आता हिचं बघा.” डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि भुवया वर नेल्या.

“वहिनी, तुम्हाला कसला ताण आहे?”

सुमन सोशीक बाई. लग्न झाल्यापासून चारचौघांत माझ्याबद्दल कधी वावगं बोललेली नाही. त्या दिवशीही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. “हं,” म्हणाले. “महिनाभर बघू. गोळ्या लगेच नको.”

आता आमच्याकडे उलटं सुरू आहे. काढा मी करतो. (ती एक घोट घेऊन म्हणते, “दुसरा घोट कुणाला तरी द्या.”) रात्री काशाची वाटी माझ्या हातात. तिला गुदगुल्या होत नाहीत, दहा मिनिटांत गाढ झोपते. मशीन कपाटात, किल्ली माझ्याकडे. आणि डॉक्टरांनी सांगितलेला मुख्य उपाय म्हणजे रोज संध्याकाळी मी घराबाहेर जातो, दिवेलागणीपर्यंत परत यायचं नाही. तेवढा वेळ ती गॅलरीत पाय वर घेऊन शांत बसते. महिनाभरात तिचं बीपी उतरलं. डॉक्टर इतके खूश झाले की म्हणाले, हा उपाय मी आणखी पेशंटना सांगतो.

सांगितला असावा. मी रोज जातो त्या बागेतल्या बाकावर हल्ली बसायला जागा मिळत नाही. परवा एक नवीन गृहस्थ आले, हातात छत्री, चेहरा गोंधळलेला. मी सरकून जागा करून दिली आणि विचारलं,

“कुणाचं वाढलंय?”

“बायकोचं,” ते म्हणाले, आणि मुकाट्यानं आमच्या रांगेत बसले.